बावखलाच्या काठी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या एप्रिलात, वसईकडे जाण्याचा योग आला. निमित्त साधेच होते. आमचा धाकटा दापोलीच्या कृषी महाविद्यालयात असताना तिकडचा एक मुलगा त्याच्या खोलीत राहत असे. त्याचे वडील दोनदा आमच्या निफाडच्या द्राक्षबागेत येऊन गेलेले. दोन्ही वेळा जाताना म्हणाले, "भाऊ, आता तुमची पाळी. पण यायचं तर आमच्या पवित्र आठवड्यात या. एरवी वाडी दिसेल, माणसं दिसायची नाहीत." कांदा काढून चाळीत भरून झाला होता. आमच्या मंडळींनीही पिशवी भरली आणि बुधवारी सकाळी आम्ही निघालो.

दादरला गाडी बदलून विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरलो. हेच ते जुने शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी येथला बौद्ध स्तूप उकरून काढला. पण आज स्टेशनाबाहेर दिसतात त्या इमारती, इमारतींवर टाक्या, आणि रस्त्यात पाण्याचे टँकर. आमच्या मंडळींनी पदर नाकाला लावला. "इथे कसली बाग?" रिक्षा पश्चिमेला वळली, दहा-बारा मिनिटे गेली, आणि एका वळणावर इमारती संपल्या. दोन्ही बाजूंना केळी, नारळ, माडांखाली अळू, मधूनच मोगऱ्याचे वाफे. हवेत एकदम गारवा. वळणावर पांढरा चुना दिलेला दगडी क्रूस होता, त्याला झेंडूची माळ आणि पायथ्याशी मिणमिणता दिवा. आपल्याकडे वेशीवर मारुती असतो, तसा इथे प्रत्येक आळीला क्रूस.

यजमानांचे घर कौलारू, पुढे ओटा, ओट्यावर पंच्याऐंशीच्या घरातल्या आजी बसलेल्या. अंगात लाल लुगडे, गळ्यात जपमाळ. त्यांनी आमच्या मंडळींना जवळ बसवून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. शेतकऱ्याची आई कुठल्याही धर्माची असो, पहिला प्रश्न हाच.

थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. त्या दोनशे वर्षांत इथली बरीच शेतकरी आणि कोळी कुटुंबे ख्रिस्ती झाली. राज्य गेले, धर्म राहिला. भाषाही राहिली, ती मराठीच. आमचे यजमान कुपारी समाजाचे. घरात ते आपल्या सामवेदी बोलीत बोलतात, ती आम्हाला निम्मी कळे. पाहुण्यांशी मात्र शुद्ध मराठी. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत गोन्सालो गार्सिया हे या वसईचेच. जपानात नागासाकीला १५९७च्या फेब्रुवारीत त्यांना इतरांबरोबर क्रूसावर मारले, आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. जवळच्या गास गावचे चर्च त्यांच्याच नावाचे आहे.

उपासनेची भाषा मात्र पुष्कळ काळ लॅटिन होती. १९६२ ते १९६५ या काळात रोमला त्यांची मोठी धर्मपरिषद भरली, तिच्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली. आजी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी फादर वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणायचे, आणि आम्ही मागे आपली जपमाळ ओढायचो. देवाला कळत होतं, आम्हाला नव्हतं." गंमत अशी, की फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलेही गेले होते. ओवी चर्चपर्यंत आली, पण वेदीपाशी पोचायला तिला साडेतीनशे वर्षे लागली.

गुरुवारी पहाटे चारला जाग आली ती कुजबुजीने. यजमान, सूनबाई आणि दोन मजूर बाया कपाळाला बॅटऱ्या बांधून मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते. उमलण्याआधी खुडायचा आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फुलबाजारात पोचवायचा. मुलगा पाटी घेऊन मोटारसायकलवर गेला आणि यजमान हातपाय धुऊन चर्चला गेले. इतर दिवशी सहाची मिस्सा असते. या गुरुवारी ती संध्याकाळी होती, तरी ते सवयीने जाऊन दहा मिनिटे बसून आले.

मग त्यांनी वाडी दाखवली. केळीत राजेळी वेगळी राखलेली. तिची सुकेळी करतात. पिकलेले केळे सोलून आठवडाभर उन्हात वाळवायचे आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायचे. निर्मळच्या कार्तिकी यात्रेत ती विकली जातात. निर्मळला शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे, आणि चर्चही. यात्रा हिंदूंची, आणि सुकेळी विकणारे पुष्कळसे ख्रिस्ती.

वाडीच्या टोकाला एक खोलगट तळे होते, चारी बाजूंना झाडी. यजमान म्हणाले, "हे बावखल." वाचकांपैकी बहुतेकांना हा शब्द नवा असेल, मलाही होता. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली खारे पाणी, त्याच्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. बावखलात पावसाळाभर पाणी साठते, ते मुरते, आणि हा गोडा थर जाड राहतो. मग आसपासच्या विहिरी उन्हाळ्यातही गोड. पूर्वी या विहिरींवर रहाट चालत. पंप आले, मग टँकर आले, थर पातळ झाला, आणि खालून खारे पाणी वर चढू लागले. आपल्याकडे शेततळे करायला अनुदान मागतात. इथे वाडवडिलांनी करून ठेवलेले शेततळे लोक भरून टाकतात, कारण भरलेली जागा गुंठ्याच्या भावाने विकता येते.

मी पाहिले, तर बावखल अर्धेच होते. पलीकडच्या अर्ध्यात विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकळे, माती, आणि त्या भरावावर एक नवी खोली. मी विचारले, "ती वाडी कोणाची?"

"धाकट्या भावाची," म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

बाकीची हकीकत दुपारी आमच्या मंडळींना स्वयंपाकघरात कळली. बायकांना असल्या गोष्टी भांडी घासताघासता कळतात. वाटण्या झाल्या तेव्हा बावखल सामाईक ठेवले होते. धाकट्याला मुलासाठी खोली बांधायची होती. त्याने सहा वर्षांपूर्वी आपल्या बाजूने भराव टाकला. थोरल्याने तलाठ्याकडे अर्ज केला. त्या दिवसापासून बोलणे बंद. आजी एक महिना इकडे, एक महिना तिकडे. दोन्ही भाऊ रविवारी एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्सेला. एक उजवीकडच्या रांगेत, एक डावीकडच्या. मिस्सेत एक क्षण असा येतो, की सगळ्यांनी शेजारच्याला नमस्कार करून शांती द्यायची. तेव्हा दोघेही पाठमोरे होऊन मागच्या बाकाला नमस्कार करतात, असे सूनबाईंनी सांगितले. सांगताना ती हसली, मग तिचे तिलाच कसेसे झाले.

चर्च इथे देवाचे घर तर आहेच, पण नुसते तेवढेच नाही. सगळ्या गावाचा संसार त्याच्याभोवती फिरतो. एका चर्चच्या हद्दीला धर्मग्राम म्हणतात. त्याच्या आळीवार वाटण्या असतात. फुलांची पाळी या आळीची, झाडलोट त्या आळीची, वाचन तिसऱ्या आळीच्या मुलांचे. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या त्यांच्याच आया-मावश्या. आजारी, निराधार माणसांकडे लक्ष ठेवणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली, आणि आज तिचे सभासद वसईच्या केळीबागांतून सायकलवर तांदूळ पोचवतात. धर्मगुरू काही वर्षांनी बदलून जातात. लोक राहतात. तेव्हा खरा कारभार कोणाचा, ते वाचकांनीच ओळखावे.

मला सर्वांत नवल वाटले ते पैशाच्या बाबतीत. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून १९१८ मध्ये पापडीला मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. आमच्याकडे सहकार आला तो राजकारणाच्या गाडीत बसून. इथे तो चर्चच्या पायरीवरून उतरला. दोन्हीकडे सगळे गोडच आहे असे मी म्हणत नाही.

जमिनीसाठीही चर्चची माणसे रस्त्यावर आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा हरित पट्टा बिल्डरांना मोकळा होऊ लागला, तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिच्या पुढाऱ्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 'सुवार्ता' मासिकाचे ते कितीतरी वर्षे संपादक. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. २०२४च्या जुलैत ते गेले. यजमान त्यांच्याबरोबर मोर्चात होते. मला वाटले, म्हणूनच त्यांना आपल्या घरचे बावखल इतके लागले असावे. मोर्चात घोषणा द्यायच्या त्या परक्या बिल्डराविरुद्ध. भराव टाकणारा सख्खा भाऊ निघाला तर घोषणा कोणती द्यायची?

संध्याकाळी चर्चला निघालो. आमच्या मंडळींनी हळूच विचारले, "आपण आत बसलं तर चालेल ना?" आजींनी ऐकले. म्हणाल्या, "बाय, देवाच्या घरात शिरायला आधार कार्ड लागत नाही." आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. प्रसाद म्हणून जी भाकर देतात ते त्यांना ख्रिस्ताचे शरीर. ती त्यांच्या दीक्षितांसाठीच असते, तेव्हा आम्ही जागेवरच राहिलो.

या गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले, त्याची आठवण. पूर्वी बाराही पुरुष असत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये स्त्रियांनाही घेण्याची परवानगी दिली. त्या वर्षी आमच्या यजमानांच्या आळीतून आजींचे नाव गेले होते. आजींना पायरी चढवत नाही. यजमान त्यांचा उजवा हात धरून पुढे निघाले. डावीकडच्या रांगेतून एक माणूस उठला, तसाच उंच, तसेच रुंद कपाळ, आणि त्याने डावा हात धरला. आईला मध्ये घेऊन दोघे पुढे गेले. खुर्चीत बसवले. चपला काढायला आजींना वाकता येईना. एक चप्पल एकाने काढली, दुसरी दुसऱ्याने. एकमेकांकडे पाहिले नाही. फादर गुडघ्यावर आले, तांब्याने पाणी घातले, टॉवेलने टाच पुसली. आजींच्या टाचांना आपल्या आयाबायांच्या असतात तशा भेगा होत्या. वाडीची माती त्या भेगांतून कधी निघत नाही. फादर तरुण होते, घासून पुसत राहिले.

मला वाटले, आता दोघे भाऊ बोलतील. नाही बोलले. मिस्सा संपली, आजींना ज्या घरी महिना चालू होता तिकडे, म्हणजे आमच्याकडे, आणले. रात्री आळीआळीच्या पाळीने लोक चर्चमध्ये मूक प्रार्थनेला बसत होते. यजमान अकरा ते बारा जाऊन आले.

शुक्रवारी घंटा नाही. गुरुवारच्या रात्रीपासून घंटा मुकी होते ती शनिवारच्या रात्रीपर्यंत. तिच्या जागी एक पोरगा लाकडी खटखटा वाजवत आळीतून गेला. त्या कोरड्या आवाजाने कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. घरात उपास. मांसाहार तर नाहीच, एकच जेवण. सकाळी क्रूसाची वाट निघाली. चौदा थांबे, प्रत्येक थांब्याला येशूच्या दुःखातला एक प्रसंग वाचायचा, प्रार्थना म्हणायची, पुढे चालायचे. मोठा लाकडी क्रूस पाळीपाळीने खांद्यावर. वाट वाडीवाडीतून, केळीच्या सावलीतून जाते. पोरे अनवाणी, म्हातारे काठी टेकीत. आमच्या पंढरीच्या वाटेची आठवण झाली. इथे मात्र टाळ नाही, फक्त पावलांचा आवाज.

सहावा थांबा धाकट्या भावाच्या फाटकापाशी होता. वेरोनिका नावाच्या बाईने येशूचे घामेजलेले तोंड पुसले, तो प्रसंग. थांबे कुठे ठेवायचे ते आळी ठरवते. मुद्दाम ठेवला की कसे, मी विचारले नाही. फाटकाजवळ भावजयीने बाकावर पाण्याचे माठ आणि पेले मांडले होते. ऊन चढले होते, सगळे पीत होते. यजमान क्रूस दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन मागे आले, घामाने निथळत. भावजयीने पेला पुढे केला. घ्यावा की न घ्यावा, असा क्षणभर थांबले. घेतला. एक घोट प्याले आणि पेला तसाच हातात राहिला.

धाकटा फाटकाला टेकून उभा होता. यजमान त्याच्याकडे वळून म्हणाले, "विहीर मचूळ झाली काय रे?"

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "केळीची पानं कडेनं करपतात."

"आईला हेच पाणी देतोस?"

"नाही. तिला नळाचं आणतो."

एवढेच. सहा वर्षांनंतर दोन सख्खे भाऊ बोलले ते पाण्याच्या चवीबद्दल. यजमानांनी उरलेले पाणी पिऊन टाकले, पेला बाकावर ठेवला, आणि पुढे जाऊन रांगेत मिसळले. दुपारी चर्चच्या आवारात पेज आणि लोणचे होते. दोघेही जेवायला होते, वेगवेगळ्या पंगतीत.

शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात विस्तव पेटवला. त्यावरून एक मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या लहान मेणबत्त्या. पाण्यावर आशीर्वाद मागितला, आणि मुकी घंटा एकदम वाजू लागली. आमच्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले. का, ते त्यांना सांगता येईना. लोक ते पाणी बाटल्यांत भरून घरी नेत होते. यजमानांनी दोन बाटल्या भरल्या. एक वाडीत शिंपडली. दुसरी रविवारी सकाळी दिसली नाही. सूनबाईंना विचारले, तर तिने मानेनेच पलीकडच्या विहिरीकडे खूण केली. मंतरलेल्या पाण्याने खारी विहीर गोड होत नसते, हे त्यांनाही ठाऊक. जमिनीखालच्या पाण्याची गोष्ट त्यांनीच तर मला समजावली होती. असो.

सोमवारी निघायचे होते. जेवण आटोपून पिशव्या बांधत होतो, तेवढ्यात चर्चची घंटा वाजू लागली, संथ, एकेक ठोका मोजून. कोणीतरी मोबाइल पाहून सांगितले, रोममध्ये पोप फ्रान्सिस वारले. आजी ओट्यावरून उठू पाहत होत्या. "त्यांनीच ना पाय धुवायला सांगितलं बायांचे?" म्हणाल्या, आणि जपमाळ हातात घेतली.

गाडीत आमच्या मंडळींनी विचारले, "आपल्या बांधाचं काय?" माझ्या चुलतभावाशी बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून माझे नऊ वर्षे बोलणे नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कसारा घाट चढेपर्यंत त्यांनी पुन्हा विचारले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यजमानांचा फोन आला. मेअखेरीस दोन दिवस जेसीबी लावला होता. डिझेल निम्मे-निम्मे. भरावातला बराचसा काढला. खोलीखालचा मात्र तसाच आहे, खोली काही पाडता येत नाही, आणि त्यावरून एकदा शब्दही झाला. बावखल पूर्वीपेक्षा लहानच राहणार. पुन्हा फोन केला तो श्रावणात. पाणी काठापर्यंत आले होते, बेडूक ओरडत होते. फोनवरून मला ऐकवण्यासाठी त्यांनी मोबाइल तळ्याकडे धरला. मी विचारले, "आणि धाकट्यांची विहीर?"

"अजून मचूळच आहे," म्हणाले. "दोनतीन पावसाळे जातील." मग सुकेळी पाठवू का, म्हणून विचारले, आणि आमच्या लिंबाच्या झाडाबद्दलही विचारले. ते त्यांना कोणी सांगितले, ते मी ओळखले.